सोन्याचे तीन दशांश आणि ‘ओआरएम सगळं बघून घेतं’ हा दावा

जळगाव-धुळ्याकडच्या नव्या डेव्हलपर मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय की ओआरएम (कोडमधले क्लास आणि डेटाबेसमधली टेबलं जोडून देणारी लायब्ररी) वापरत असाल तर कॉलमच्या टाइपचा विचारच करू नका. क्लासमध्ये फील्ड लिहा, योग्य टाइप लायब्ररी निवडते. मजकूर म्हणजे मजकूर, तारीख म्हणजे तारीख. उद्या डेटाबेस बदलला तरी कोडला हात लावावा लागत नाही.

मी सराफ, केळीचे व्यापारी आणि जिनिंगवाले यांच्यासाठी बिलिंगची सॉफ्टवेअरं लिहितो. हा मेसेज खरा मानून आलेली मुलं टेबलं बनवतात आणि त्या टेबलांत लोकांचे पैसे अडकतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘योग्य टाइप लायब्ररी निवडते.’

टाइप ती निवडते, हे खरं. पण त्या खान्यात पैसे आहेत की सोनं, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. हायबरनेट या जावाच्या ओआरएममध्ये बिगडेसिमल (दशांश आकड्याचं) फील्ड लिहून पुढे काहीच सांगितलं नाही, तर पाचव्या आवृत्तीत न्युमरिक(19,2), म्हणजे एकूण 19 अंक आणि त्यांतले 2 दशांशानंतर, असा कॉलम होतो, सहाव्या आवृत्तीत न्युमरिक(38,2). दोन्हीकडे दशांशानंतर जागा दोनच. रुपये-पैशांना त्या पुरतात. सराफाचा काटा मात्र मिलीग्रॅम दाखवतो आणि बिलावर वजन तीन दशांशांत लिहितात. 12.346 ग्रॅमची अंगठी पोस्टग्रेस (डेटाबेस) गुपचूप 12.35 करून ठेवतं. एरर येत नाही. ग्रॅमला 10,000 रुपये भाव धरला, तर एका नगात 40 रुपयांचा फरक.

आमच्या एका सुरुवातीच्या कामात हेच झालं. रात्री दुकान वाढवताना मुनीमजींनी ट्रे काट्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘भाऊ, तुमचा कॉम्प्युटर काट्यापेक्षा जास्त सोनं दाखवतोय.’ आम्ही आधी काट्याची केबल तपासली, मग प्रिंटरची सेटिंग. छापलेलं प्रत्येक बिल बरोबर होतं, त्यामुळे कोडवर संशयच येईना. दोन दिवसांनी उलगडा झाला. बिल छापलं जायचं ते मेमरीतल्या ऑब्जेक्टवरून, तिथे 12.346 शाबूत होतं. टेबलात गेलेला आकडा मात्र गोल झालेला होता, आणि दुसऱ्या दिवशीचा स्टॉक टेबलावरून निघायचा. फील्डवर ‘स्केल 3’ (दशांशानंतर तीन जागा) लिहायला एक मिनिट लागलं. गेलेले मिलीग्रॅम परत आणायला बिलबुकाच्या कार्बन कॉप्या समोर घेऊन एकेक नोंद हाताने भरावी लागली. ते काम मुनीमजींनी आमच्यासोबत बसून केलं, त्यांची काहीच चूक नसताना.

जँगो (पायथनची वेब चौकट) लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. जँगोच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत तरी त्यांच्या डेसिमल फील्डला एकूण अंक किती आणि दशांश किती, हे सांगितल्याशिवाय तपासणी पुढेच जात नाही. लायब्ररीला आपोआप कळलं असतं, तर तिने विचारलं नसतं.

‘दशांशाची भानगड नको, फ्लोट टाका’ असा सल्लाही त्याच मेसेजखाली दिसतो. कापसाच्या एका पट्टीची (शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या चिठ्ठीची) रक्कम 2,45,318.40 रुपये आहे असं समजा. चार बाइटच्या फ्लोटमध्ये, म्हणजे आकडा अंदाजे साठवणाऱ्या टाइपमध्ये, या टप्प्यावर दोन शेजारच्या आकड्यांत 1/64 रुपयाचं अंतर असतं, म्हणून प्रत्यक्षात 245318.40625 साठतं. मायएसक्यूएलमध्ये बेरीज घेऊन दोन दशांशांत छापली की .41. आठ बाइटच्या डबलमध्ये अंतर कितीतरी बारीक होतं, पण तिथेही .40 नेमके बसत नाहीत. शेतकऱ्याच्या पट्टीसाठी डेसिमलच हवा, यात मला तडजोड मान्य नाही.

‘मजकूर म्हणजे मजकूर.’

‘चाळीसगाव’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने 8 अक्षरचिन्हं आहेत आणि यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीत त्याचे 24 बाइट होतात. ओरॅकल डेटाबेसमध्ये हाताने केलेला 20 चा जुना कॉलम मुळात बाइट मोजतो, म्हणून नाव बसत नाही. एसक्यूएल सर्व्हरवर तर एकाच स्ट्रिंग फील्डसाठी एंटिटी फ्रेमवर्क (मायक्रोसॉफ्टचं ओआरएम) युनिकोड साठवणारा एनव्हारचार बनवतं आणि हायबरनेट साधा व्हारचार. यूटीएफ-8 कोलेशन (कॉलमात अक्षरं कशी साठवायची ती सेटिंग) लावलेलं नसेल, तर त्या दुसऱ्या कॉलमात चाळीसगावच्या जागी आठ प्रश्नचिन्हं उरतात. ती परत वाचता येत नाहीत, मूळ अक्षरं गेलेली असतात. आपण मराठीत नावं साठवणारे लोक आहोत, आपल्याला हा मुद्दा इतरांपेक्षा जास्त लागू आहे.

उलट चूकही होते. जळगावचा एसटीडी कोड 0257 पूर्णांकात ठेवला की 257 होतो. ज्याची बेरीज कधी करायची नाही, तो आकडा मजकूर म्हणूनच ठेवावा.

‘तारीख म्हणजे तारीख.’

रावेर-सावद्याकडे केळीची गाडी भरून 14 तारखेला पहाटे 3 वाजून 40 मिनिटांनी निघाली. यूटीसीत (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) तो क्षण 13 तारखेच्या रात्री 10 वाजून 10 मिनिटांचा. क्षण बरोबर साठतो, घोळ होतो तो त्यातून तारीख काढताना. जँगोत वेळक्षेत्र वापरात असेल, तर ‘टाइमझोन.नाऊ’वरून काढलेली तारीख यूटीसीचीच येते, सेटिंगमध्ये कोलकाता लिहिलेलं असलं तरी. त्यासाठी ‘लोकलडेट’ आहे. रात्री 12 ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या प्रत्येक गाडीला आदल्या दिवसाची तारीख लागते, आणि केळीचा भाव रोज बदलतो. मी भावाची तारीख वेगळ्या डेट कॉलममध्ये ठेवतो आणि व्यापाऱ्याला स्वतः निवडू देतो. आणखी एक, मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प 19 जानेवारी 2038 ला संपतो. आज घेतलेल्या पंधरा वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्यात मावत नाही.

ठरावीक पर्यायांच्या यादीचंही तसंच. जावाच्या जेपीएमध्ये (हायबरनेट ज्या नियमांवर चालतं त्यांत) ‘इनम’, म्हणजे अशी यादी, काही न सांगता क्रमांकाने साठतो. केळीच्या मालाच्या प्रती धरा: नवती 0, वापसी 1. पुढच्या हंगामात कोणी मध्ये ‘पिलबाग’ घातलं, की टेबलातल्या जुन्या सगळ्या वापसी मालाचा पिलबाग होतो. ‘स्ट्रिंग’ म्हणून साठवायला सांगितलं, तर हा प्रश्न येतच नाही.

‘डेटाबेस बदलला तरी कोड तोच.’

कोड तोच राहीलही. ओआरएममुळे रोजच्या क्वेऱ्या लिहायचं काम वाचतं, पॅरामीटर नीट बांधले जातात. मी ते रोज वापरतो आणि सोडणार नाही. पण लॅपटॉपवर वापरलं जाणारं एसक्यूएलाइट कॉलमची लांबी पाळायला लावत नाही. 20 चा कॉलम असला, तरी 35 अक्षरांचं नाव निमूट घेतं. पोस्टग्रेस तेच नाव परत फेकतं. धुळ्याच्या एका गिऱ्हाइकाकडे पहिल्याच दिवशी काउंटर अडला, तो शेतकऱ्याच्या पूर्ण नावावर. लॅपटॉपवर महिनाभर तेच नाव चाललं होतं. बाहेर ट्रॅक्टरांची रांग होती आणि आम्ही आत कॉलम वाढवत बसलो होतो. तेव्हापासून आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवरही पहिल्या दिवशी पोस्टग्रेसच चढतं, आणि मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी फाइल) चालवण्याआधी त्यातून निघणारं एसक्यूएल तो मला मोठ्याने वाचून दाखवतो.