सीझन संपला, आता मनातलं थोडं

शेवटची रेस झाली. सायकल धुतली, चेनला तेल दिलं, पेडल काढून स्वच्छ केले. आता काही आठवडे घड्याळ नाही, वेळापत्रक नाही. ट्रायथलॉनच्या हाफ डिस्टन्समध्ये, म्हणजे एकापाठोपाठ 1.9 किमी पोहणं, 90 किमी सायकल आणि 21.1 किमी धावणं यात, माझा आजवरचा सर्वांत चांगला वेळ याच सीझनमध्ये लागला. मी कोच आहे त्या आमच्या गटातल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच फिनिश लाइन ओलांडली. फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पण फोटोत न दिसणाऱ्या एका गोष्टीचा आनंद मला जास्त आहे: यंदा आमच्या मंडळींनी रेसमध्ये स्वतःचे निर्णय स्वतः घेतले.

बाहेरच्यांना हे किरकोळ वाटेल. पण ट्रायथलॉनमध्ये रेस सुरू झाल्यावर कोचला काही करता येत नाही. बाहेरून मदत घेणं नियमात बसत नाही. बाटली द्यायची नाही, सायकलला हात लावायचा नाही, सोबत धावायचं नाही. रेलिंगच्या पलीकडे उभं राहून नाव घेऊन ओरडायचं, बस. म्हणजे जे शिकवायचं ते त्याआधीच शिकवून झालेलं असावं लागतं. पाण्यात, उन्हात, पंधराव्या किलोमीटरला माणूस एकटाच असतो, आणि तिथे काय करायचं हे त्यालाच ठरवावं लागतं.

आमच्यातल्या एक ताई पन्नाशी ओलांडल्यावर पोहायला शिकल्या. पूलमध्ये छान पोहायच्या, पण ओपन वॉटरचं, म्हणजे पूलबाहेरच्या मोकळ्या पाण्याचं, नाव काढलं की चेहरा उतरायचा. तळ दिसत नाही, भिंत नाही, आजूबाजूला हातपाय मारणारी माणसं. म्हणून आम्ही वेग बाजूला ठेवला आणि आधी एकच गोष्ट घोटली. काहीही बिनसलं की पाठीवर वळायचं, कान पाण्यात, हनुवटी वर, छाती उचललेली, आणि सावकाश श्वास सोडायचा. घ्यायचा नाही, आधी सोडायचा. घाबरलेला माणूस श्वास घेतच राहतो आणि सोडायचा विसरतो, तिथेच दम कोंडतो. मग मुद्दाम गॉगलमध्ये पाणी भरून पोहणं, बाजूने कुणीतरी धक्का देणं, बोयाला, म्हणजे वळणाच्या खुणेच्या तरंगत्या फुग्याला, चौघांनी एकदम वळणं, असा सगळा सराव केला.

रेसमध्ये पहिल्याच वळणाला कुणाचीतरी टाच लागून त्यांचा गॉगल कपाळावर गेला. मी किनाऱ्यावरून पाहत होते. रंगीत टोप्यांच्या त्या गर्दीतून एक टोपी बाजूला झाली, उलटी झाली आणि थांबली. जवळची कयाक त्यांच्याकडे वळली, तर त्यांनी हात हलवून "नको, ठीक आहे" अशी खूण केली. गॉगल रिकामा केला, बसवला, पट्टा दाबून पाहिला. मग डोकं वर काढून पुढचा बोया शोधला आणि पोहायला लागल्या. या सगळ्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल. पाण्याबाहेर आल्यावर माझ्याकडे बघून त्या फक्त हसल्या आणि ट्रान्झिशनकडे, म्हणजे सायकली लावलेल्या जागेकडे, पळाल्या. मला या सीझनमधला दुसरा कुठलाही क्षण मिळाला नसता तरी चाललं असतं.

आता थोडं मतभेदाचं. या खेळाची एक प्रतिमा सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली आहे. फेब्रुवारी 1982 मध्ये हवाईच्या आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये आघाडीवर असलेली ज्युली मॉस फिनिश लाइनच्या अगदी जवळ कोसळली, कॅथलीन मॅककार्टनी तिला मागे टाकून जिंकली आणि ज्युली रांगत दुसरी आली. टीव्हीवर ते पाहून कितीतरी लोक या खेळाकडे वळले. तिच्या जिद्दीबद्दल मला नितांत आदर आहे. पण नवीन ॲथलीटला आपण तोच क्षण आदर्श म्हणून दाखवत राहतो, हे मला पटत नाही. कोसळेपर्यंत रेटणं म्हणजेच ट्रायथलॉन, असा त्याचा अर्थ होतो.

तेच दृश्य टीव्हीवर पाहून या खेळात आलेल्यांपैकी एक होता मार्क ॲलन. त्याची गोष्ट मी गटात पुन्हा पुन्हा सांगते. तो आधी प्रत्येक सराव जोरात करायचा. मग त्याने हार्ट रेट 155 च्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. सुरुवातीला त्या मर्यादेत त्याला मैलाला सव्वाआठ मिनिटं लागायची, त्याच्यासारख्या धावपटूला हा वेग फारच मंद. पण तो त्या मर्यादेत चिकाटीने राहिला, आणि पुढे त्याच हार्ट रेटला तो मैल 5 मिनिटं 20 सेकंदांत धावू लागला. हवाईत सहा वेळा हरल्यावर 1989 मध्ये त्याने आपला प्रतिस्पर्धी डेव्ह स्कॉटला 58 सेकंदांनी हरवलं आणि नंतर ती रेस एकूण सहा वेळा जिंकली.

हळू धावा, हे सांगणं सोपं, करवून घेणं महाकठीण. इझी रनला बाजूने कुणी पुढे गेलं की पाय आपोआप वेग धरतात. म्हणून यंदा नियम केला की इझी दिवशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. मी सोबत धावताना मुद्दाम प्रश्न विचारायचे, आणि उत्तर तुटक आलं की आपण चालायचं. आधी कुरकुर झाली. दोनेक महिन्यांनी ती थांबली, कारण जोराच्या दिवशी पाय ताजे असायचे आणि दुखापती घटल्या होत्या. त्याहून मोठा फायदा असा की लोकांना स्वतःच्या शरीराचा अंदाज येऊ लागला. सायकलवर पायांचा जोर मोजणारा पॉवर मीटर आणि घड्याळ उपयोगाचे आहेतच, मीही वापरते. पण ऊन चढलं की त्याच वेगाला हार्ट रेट वाढत जातो, आणि तेव्हा ठरवलेल्या आकड्याला धरून बसायचं की वेग उतरवायचा, हे माणसालाच कळावं लागतं.

खाण्याचंही तसंच. लांबच्या रेसला तासाला 60 ते 90 ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात. एकट्या ग्लुकोजचं शोषण साधारण 60 ग्रॅमवर अडतं, त्यापुढे जायचं तर सोबत फ्रुक्टोज हवं, कारण ते आतड्यातून वेगळ्या वाटेने जातं. हे सगळं वाचून कळतं. पण पोटाला सवय लाँग राइडवरच लागते. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, हेही नवख्यांना आवर्जून सांगावं लागतं.

आणि एक डीएनएफ (DNF, ‘डिड नॉट फिनिश’), म्हणजे अर्धवट सोडलेली रेस. आमचा एक तरुण, पूर्ण तयारीचा, 90 पैकी साठेक किलोमीटर सायकल मारून थांबला. भर उन्हात त्याचा घाम थांबला होता, अंगावर शहारे येत होते. एड स्टेशनला, म्हणजे वाटेतल्या खाण्यापाण्याच्या मदत केंद्रावर, सायकल उभी केली, मेडिकलच्या माणसाला बोलावलं आणि वेळ मोजणारी चिप काढून दिली. संध्याकाळी मला म्हणाला, "कोच, मला जाता आलं असतं, पण जायला नको होतं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याचा प्रचंड अभिमान वाटत होता. निकालाच्या यादीत त्याच्या नावापुढे ती तीन अक्षरं लागली. माझ्या लेखी यंदाच्या सर्वांत चांगल्या निर्णयांत तो वरच्या नंबरावर आहे. उष्माघाताची ती लक्षणं ओळखून वेळीच थांबणारा माणूस पुढची अनेक वर्षं या खेळात राहतो.

"कोचिंग करतेस तर स्वतः रेस कशाला?" असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठाम आहे, जमेल तोवर कोचने रेस करावी. सायकलवरून उतरल्यावर पहिल्या दोन किलोमीटरला पाय दुसऱ्याचेच वाटतात आणि वेगाचा अंदाज साफ चुकतो. दर आठवड्याला ब्रिक, म्हणजे सायकलनंतर लगेच धावण्याचा सराव, का, हे तेव्हाच मनापासून सांगता येतं. शिवाय रेसमध्ये मला जे दिसलं ते रेलिंगमागून दिसलं नसतं. अर्धी मॅरेथॉन निम्मी झाल्यावर मागून ओळखीची पावलं आली. मी जिला शिकवते ती मुलगी. शेजारून गेली तेव्हा खांदे सैल, कोपर आत, नजर पुढच्या एड स्टेशनवर. माझ्याकडे पाहून तिने अंगठा वर केला, पण वेग सोडला नाही. मी तिच्या मागे गेले नाही, माझा पेस मला ठाऊक होता. पण पुढचा बराच वेळ तिची पाठ बघत धावले आणि फार सुखात धावले.

पुढच्या सीझनचं आताच ठरवलं आहे. विश्रांती झाली की सुरुवात पाण्यापासून. मोठेपणी पोहायला शिकणाऱ्यांसाठी वेगळा गट काढते आहे. त्यात आधी तरंगणं आणि श्वास, वेगाचं नंतर बघू. इच्छा असेल तर थेट लांब रेसचं मनात आणू नका, स्प्रिंटपासून सुरू करा: 750 मीटर पोहणं, 20 किमी सायकल, 5 किमी धावणं. कुठलीही चालती सायकल चालेल, फक्त ब्रेक आणि हेल्मेट नीट हवं. पोहता येत नाही म्हणून अडून बसला असाल तर आवर्जून मेसेज करा, तुमच्यासाठीच हा गट आहे.