बटण दाबलं की आपोआप

कॉम्प्युटर सुरू झाला की एक स्क्रिप्ट (कॉम्प्युटरला दिलेल्या हुकमांची छोटी फाइल) आपली आपण चालायला पाहिजे, बास. यापेक्षा सोपं काम जगात नसेल असं ज्याला वाटतं त्याला सांगलीत गणपती पेठेत आमच्या तात्यांच्या दुकानात पाठवून द्यावं, चहा मी पाजतो.

तात्यांचा हळदीचा व्यापार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५), पेठेत पाणी शिरलं, वह्यांचा लगदा झाला आणि टेबलाखालचा सीपीयू गाळासकट बाहेर काढला. तेव्हापासून बॅकअप या शब्दावर तात्यांचा कुलदैवताएवढा विश्वास. माळ्यावर एक नेटवर्कची डिस्क ठेवली, आणि मला फर्मान, ‘‘दिवाणजींनी सकाळी बटण दाबलं की हिशेब आपोआप वर जायला पायजेत. त्यांना काय करायला लावू नगंस.’’

स्क्रिप्ट म्हणजे रोबोकॉपीची, विंडोजमधल्या फाइली कॉपी करणाऱ्या हुकमाची, एक ओळ. विंडोज आणि आर दाबून शेल:स्टार्टअप लिहिलं की जो फोल्डर उघडतो (त्यात ठेवलेलं लॉगिन होताच चालतं) त्यात शॉर्टकट टाकला आणि भडंग खात बसलो. दुसऱ्या दिवशी बॅकअप नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. जाऊन बघतो तर सकाळी काळी खिडकी उघडते, पांढरी अक्षरं भराभर पळायला लागतात, की दिवाणजी फुल्लीवर क्लिक करून ती बंद करतात आणि अभिमानानं सांगतात, ‘‘रोज व्हायरस येतोय, पण मी लगेच मारतोय.’’

मग खिडकीच दिसू नये म्हणून टास्क शेड्युलरकडे, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्याच साधनाकडे गेलो आणि कॉम्प्युटर सुरू होताच, स्टार्टअपला, चालव असं लावलं. तिथं युजर लॉगऑन असो वा नसो चालव असा पर्याय आहे, तो निवडला की सगळा कारभार पडद्यामागे, दिवाणजींना मारायला काही उरतच नाही. पण आता तात्यांचा विश्वास उडाला. ‘‘दिसत न्हाई म्हंजे हुत न्हाई,’’ असं त्यांचं म्हणणं, आणि वाईट म्हणजे ते बरोबर निघालं, खरंच होत नव्हतं. कारण माळ्यावरची डिस्क झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेली, आणि तो झेड दिवाणजी लॉगिन करतात तेव्हा त्यांच्यापुरता जोडला जातो. आमची स्क्रिप्ट त्याच्या आधीच हजर, म्हणजे दुकानाचं शटर वर जायच्या आत गाडीवाल्यानं हळदीची पोती आणून रस्त्यात उभं राहावं तसं. झेड काढून डिस्कचा पूर्ण नेटवर्क पत्ता लिहिला तेव्हा पोती आत गेली.

यानंतरचं प्रकरण मात्र मला आजही झोपेत आठवतं. मी रीस्टार्ट करून बघायचो, बॅकअप व्हायचा. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा व्हायचा. संध्याकाळी दिवाणजी शटडाऊन करायचे, सकाळी बटण दाबायचे, आणि काही नाही! मी समोर असलो की शहाण्यासारखं वागायचं आणि पाठ वळली की नाही, हे पोरांचं ऐकलं होतं, कॉम्प्युटरचं पहिल्यांदाच. झालंय असं की विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली, त्यात शटडाऊन म्हणजे खरं शटडाऊन नसतंच, सिस्टिमचा गाभा कॉम्प्युटरच्याच डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तोच उचलतात. मग ‘स्टार्टअपला चालव’ म्हणून ठेवलेल्या टास्कला वाटतं अजून स्टार्टअप झालाच कुठं. रीस्टार्ट मात्र अस्सल असतो. म्हणजे बंद करून चालू केलं तर बंद नाही, आणि बंद न करता चालू केलं तर बंद. हे मी तात्यांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘जेवलास का?’’

वालचंद कॉलेजला शिकणारा आमचा पुतण्या मधेच येऊन विंडोज काढून लिनक्स टाका म्हणाला, तिथं क्रॉनटॅबमध्ये (तिकडची कामांची यादी) ॲट-रीबूट म्हणून एक ओळ लिहिली की काम झालं. तिथंही नेटवर्क यायच्या आत स्क्रिप्ट पळते ते त्यानं सांगितलं नाही, आणि दिवाणजींना लिनक्स शिकवायची हिंमत सांगली जिल्ह्यात कुणात आहे? त्यापेक्षा डॉसचा काळ बरा होता, सी ड्राइव्हवर ऑटोएक्झेक बॅट नावाची एकच फाइल, त्यात लिहाल ते चालायचं, तक्रार नाही.

आणि चीड कशाची येते माहितीय, टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब उघडा, प्रिंटरचं काहीतरी, गाण्यांचं काहीतरी, गप्पांची दोन-तीन ॲप्स, न बोलावता सगळी रांगेत हजर. यांना फास्ट स्टार्टअप आडवा येत नाही, कुणी फुल्ली मारत नाही. एकटी आमचीच स्क्रिप्ट उपाशी!

शेवटी टास्कला स्टार्टअप काढून लॉगऑन, म्हणजे दिवाणजी लॉगिन करतील तेव्हा चालव असं लावलं आणि एक मिनिटाचा डिले दिला. शेड्युलरच्या रिझल्टमध्ये ०x१, म्हणजे १ दिसलं (एरवी तिथं ० म्हणजे सगळं ठीक), माझ्या पोटात गोळा, पण रोबोकॉपीच्या भाषेत १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या आणि ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला तात्यांसमोर बसवायला पाहिजे.

चाललं बघा. सलग आठवडाभर चाललं. मग एकदम थांबलं.

गेलो. सगळं जागच्या जागी, टास्क ठीक, डिस्क ठीक. दिवाणजींना विचारलं, सकाळी बटण दाबता ना? तर म्हणाले, ‘‘न्हाई, इतकं नीट चाललंय म्हटल्यावर मी बंदच करत न्हाई आता. निस्ता मॉनिटर बंद करतोय. उगा बिघडायला नगं.’’

बंदच होत नाही तर सुरू काय होणार. मी गपचूप त्याच टास्कला आणखी एक ट्रिगर लावला, रोज दुपारी दीड वाजता, दिवाणजींच्या डब्याच्या वेळेला. तेव्हापासून एकही दिवस चुकला नाही.

तात्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘मग आधीच दुपारचं लावायचं की रं.’’