चार आवरणे आणि एक फट

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या बेडरूमला पूर्वेकडे पाच फूट रुंद आणि चार फूट उंच अशी एकच खिडकी आहे, आणि सध्या तिच्यावर चार आवरणे आहेत. बाहेरच्या ग्रिलला बांबूची चिक, चौकटीच्या आत रोलर ब्लाइंड, त्यापुढे नेटचा पांढरा पडदा आणि सर्वांत पुढे ब्लॅकआउटचा जाड पडदा. एवढी वस्त्रे लग्नात माझ्याही अंगावर नव्हती.

सुरुवात नेटच्या पडद्यापासून झाली. दिवसा तो अतिशय इमानी असतो. आपल्याला बाहेरचे सगळे दिसते आणि बाहेरच्याला आतले काहीच दिसत नाही. मात्र ही सोय उजेडावर अवलंबून असते आणि नजर नेहमी अंधाराकडून उजेडाकडे पोचते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यामुळे दिवेलागणीनंतर ट्यूबच्या लख्ख प्रकाशात, बनियनवर, मी आठवडाभर निर्धास्तपणे सूर्यनमस्कार घालत राहिलो. आठव्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी समोरच्या इमारतीतले आजोबा भेटले आणि मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाले, "तिसऱ्या आसनात गुडघे वाकतात हो तुमचे."

त्याच संध्याकाळी रोलर ब्लाइंडची मापे दिली. ब्लाइंड बसला आणि आजोबांचे मार्गदर्शन थांबले. पण रस्त्यावरच्या खांबावरचा एलईडी दिवा काही थांबेना. ब्लाइंडच्या नळीला एका टोकाला साखळीचे चाक आणि दुसऱ्या टोकाला खुंटी लागते, म्हणून कापड नळीच्या आधारांपेक्षा नेहमीच थोडे अरुंद ठेवावे लागते, हे ज्ञान बसवणाऱ्या कारागिराने पैसे खिशात घातल्यावर दिले. परिणामी दोन्ही कडांना बोटभर रुंदीच्या दोन पांढऱ्याशुभ्र उभ्या रेघा रात्रभर तेवत राहिल्या. मला त्याचे विशेष वाटत नव्हते. बायकोला मात्र झोपायला अमावास्या लागते.

म्हणून ब्लॅकआउट आला. हे कापड काळेच असते असा माझा समज होता. प्रत्यक्षात काळा धागा मधल्या थरात दडलेला असतो आणि वरून आपण चिंतामणी रंगही घेऊ शकतो. शिंपीकाकांनी कागदावर हिशेब मांडला: खिडकी 60 इंच, दांडी दोन्हीकडे आठ-आठ इंच पुढे, म्हणजे 76, चुण्या नीट पडण्यासाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे 152, आणि कापडाचा पन्हा 54 इंचांचा, म्हणजे तीन पन्हे. पाच फुटांच्या खिडकीला साडेतेरा फूट कापड लागते हे ऐकून मी क्षणभर काकांकडे संशयाने पाहिले. संशय चुकीच्या जागी होता. घोळ कापडात नव्हता, कड्यांत होता. पडद्याला वरून ज्या गोल कड्या ठोकतात, त्यांची संख्या प्रत्येक पाखीत, म्हणजे पडद्याच्या प्रत्येक भागात, सम असावी लागते. तरच दोन्ही टोके भिंतीकडे वळतात. काकांनी नऊ-नऊ ठोकल्या. त्यामुळे उत्तरेकडचे टोक भिंतीकडे पाठ करून, रुसल्यासारखे, खोलीकडे वळून उभे राहिले आणि तिथे एक फट राहिली.

दांडी बसवण्याविषयी फार लिहीत नाही. खिडकीवरच्या काँक्रीटमध्ये ड्रिल शिरत नाही, शिरले तर तिरके शिरते आणि गट्टी ठोकली की भोवतीचा गिलावा गादीवर येतो, एवढे पुरे.

चिक ही माझी भर. ऊन काचेतून आत आल्यावर पडदे ओढणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर कडी लावणे. उन्हाला काचेबाहेरच अडवले पाहिजे, हा माझा युक्तिवाद बिनतोड होता आणि चिकेने एप्रिलचा पहिला आठवडा तो सिद्धही केला. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी गुंडाळलेली चिक सोडायला गेलो, तर तिच्या सुरळीवर चार काटक्यांचे घरटे आणि त्यात कबुतराची दोन अंडी. चिक सोडायची म्हणजे अंडी तीन मजले खाली. तेव्हापासून ती गुंडाळलेलीच आहे, कारण एक पिढी उडून जाते न जाते तोच दुसरी बाळंतपणाला हजर होते.

अशा रीतीने चिक वर, नेट पारदर्शक, ब्लाइंडची फट आणि पडद्याची फट अचूक एका रेषेत, असा योग जुळून आला आणि मे महिन्यात रोज सकाळी साडेसहाला उन्हाची एक पट्टी खोली ओलांडून माझ्या उशीवर, नेमकी डाव्या डोळ्यावर, येऊन थांबू लागली. एक कडी कमी करून आणू का, असे मी विचारले. "राहू दे की," बायको पाठ वळवून म्हणाली, "तुला अलार्म तरी लावावा लागत नाही."

मी वाद घातला नाही. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडे झुकून उगवतो, म्हणून पट्टी दक्षिणेला, माझ्या बाजूला, पडते. जूननंतर तो परत फिरतो आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास बरोबर पूर्वेला येतो. पावसाळ्यात ज्या सकाळी ढग फाटतात, त्या सकाळी मी पलंगामागच्या भिंतीवर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवतो. आतापर्यंत सात खुणा झाल्या आहेत आणि त्या शिस्तीत उत्तरेकडे, तिच्या उशीच्या दिशेने, चालल्या आहेत. कसल्या रेघा आहेत, असे तिने काल विचारले. भिंतीला तडा जातोय का ते पाहतोय, असे मी सांगितले.