राजारामला किती फूट?

'क्लायमेट ॲन्झायटी', म्हणजे बदलत्या हवामानाची धास्ती, म्हटलं की हसतात लोक. शहरातल्या पोरांची थेरं म्हणे! कोल्हापुरात जुलैत दोन दिवस सलग पाऊस लागू दे, मग बघा. २०१९ आणि २०२१ चा पूर घरात शिरलेली माणसं रात्री दोनला उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत बसतात.

"काही होत नाही, झोप" म्हणून ही भीती जात नाही, कारण दोनदा झालंय. माझं मत, तिला आकडा द्या.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे झाले शहराचे आकडे. आपल्या घराचा वेगळा असतो, तो वहीत लिहा. पण उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हाचा नको, आपला रस्ता बंद झाला तेव्हा राजारामला किती फूट होतं, तो. इथंच चूक होते. घर कोरडं असतं, रस्ता बुडालेला असतो, मग बोटीची वाट बघा! त्या आकड्याच्या चार फूट आधी कागदपत्रं आणि पंधरा दिवसांची बीपी-शुगरची औषधं झाकणाच्या डब्यात. दोन फूट आधी म्हातारी माणसं आणि जनावरं बाहेर. पाणी भराभर चढत असेल तर त्याहून लवकर, आणि प्रशासनाने हला म्हटलं की वही मिटायची आणि निघायचं.

चार फूट आधीच्या खुणेखाली पाणी असेल तर पातळी दिवसातून तीनदा बघितली की झालं. दर पाच मिनिटांनी बघितली तर अर्ध्या इंचानंही धडधडतं. पाणी वाढलं की रात्रीच्या पाळ्या लावा, एकानं जागायचं, बाकीच्यांनी खरंच झोपायचं.

"राधानगरीचा दरवाजा उघडला" असा मेसेज आला की आधी विचारा, किती दरवाजे? ते स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. एकातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. सोबतचा व्हिडिओ २०१९ चाच निघतो बऱ्याचदा.

छातीत धडधडलं तर नाकानं चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. जोरजोरात ओढू नका, उलट गरगरतं.

आणि पाणी ओसरून दोन-तीन आठवडे झाले तरी झोप नाही, नुसतं आभाळ भरून आलं तरी पोटात गोळा येतो, असं असेल तर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावा. १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. काय बोलायचं सुचत नसेल तर "पाऊस लागला की झोप येत नाही" एवढंच सांगा, पुढचं ते विचारतात.