पोर्तुगालला दिलेला शब्द

१२ मार्च १९९३, शुक्रवार. बाबांचं ऑफिस वरळीला, सेंच्युरी बाजारपासून पाच मिनिटांवर. त्या दिवशी ते लालबागपर्यंत चालत आले. आईने दार उघडलं तरी बराच वेळ उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. त्या दुपारी मुंबईतल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. त्यामुळे परवा घरच्या ग्रुपवर धाकट्या भावाने लिहिलं, "ताई, अबू सालेम २०३० मध्ये सुटणार म्हणे. हा न्याय आहे का?" तेव्हा त्याचा राग मला परका वाटला नाही. सालेम हा त्या स्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेला टोळीबाज. तरीही माझं मत आहे की त्याला पंचवीस वर्षांनी सोडलंच पाहिजे.

सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला. तेव्हा भारत आणि पोर्तुगालमध्ये प्रत्यार्पण करारच नव्हता, म्हणजे एकमेकांचे आरोपी ताब्यात द्यायचा करार. पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच रद्द केलेली, जन्मठेप त्यांच्या राज्यघटनेला मान्य नाही आणि तिथली सर्वात मोठी शिक्षा पंचवीस वर्षांची. असा देश आपल्याला आरोपी का देईल? म्हणून डिसेंबर २००२ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारतर्फे लेखी हमी दिली: फाशी नाही, पंचवीस वर्षांहून जास्त कैद नाही. त्या कागदाच्या जोरावर नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम मुंबईत आला. २०१७ मध्ये टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या विशेष न्यायालयात बॉम्बस्फोट खटल्यात दोघांना फाशी झाली आणि सालेमला जन्मठेप. फरक त्या हमीचा होता.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये हे फार नेमकं सांगितलं. सरकारची हमी न्यायालयाला शिक्षा देताना बांधत नाही, पण सरकारला बांधते. पंचवीस वर्षं भरली की सरकारने राष्ट्रपतींना शिक्षा कमी करण्याचा सल्ला द्यायचा आणि त्याला सोडायचं. ही मुदत २०३० मध्ये भरते.

मला खरा राग येतो तो मधल्या काळाचा. प्रत्यार्पणात एक साधा नियम असतो. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागितला, त्यांचाच खटला चालवायचा. आपल्याच १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यात, कलम २१ मध्ये, तो लिहिलेला आहे. तरी सालेम आल्यावर इथे वाढीव कलमं लावली गेली. २०११ मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने अटी मोडल्या म्हणून प्रत्यार्पणच रद्द ठरवलं, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केलं. शेवटी २०१३ मध्ये काही आरोप मागे घ्यायला आपल्या सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. कोणती कलमं लावायची हे मागणीचा कागद लिहितानाच ठरवता आलं असतं. ज्यांची माणसं गेली त्यांची वर्षं या घोळात गेली.

भाऊ म्हणाला, "मग छोटा राजन कसा आला?" परदेशात लपलेला तो दुसरा टोळीप्रमुख. बरोबर आहे. २०१५ मध्ये बालीला पकडल्यावर इंडोनेशियाने त्याला थेट हद्दपार करून भारतात पाठवलं. हद्दपारीत हमी लागत नाही, कलमांचं बंधनही येत नाही. पण तो सर्वस्वी समोरच्या सरकारच्या मर्जीचा मामला. ते सरकार तयार नसेल तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. त्या स्फोटांचे मुख्य फरारी आरोपी दाऊद आणि टायगर मेमन तीस वर्षांनंतरही आलेले नाहीत.

आपल्याकडे महाराष्ट्रात १९९९ मध्ये मोक्का, म्हणजे टोळ्यांच्या गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, आला. टोळीचा म्होरक्या गुन्ह्याच्या जागी नसला तरी त्यात अडकतो, हे त्याचं मोठं बळ. पण टोळीच्या गुन्ह्यात कुणाचा जीव गेला तर त्यातही फाशी आहे. म्हणजे युरोपातून कुणाला मागायचं झालं की पुन्हा तीच हमी द्यायची वेळ येणार. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो करार भारताने २०११ मध्ये स्वीकारला, पण त्यातही प्रत्यार्पण होतं ते ज्या देशाकडे मागायचं त्याच्या कायद्याच्या अटींवर. उद्या लिस्बन, माद्रिद किंवा लंडनच्या न्यायाधीशाने आपली हमी हातात घेतली, तर तो पहिल्यांदा बघेल की आधीच्या हमीचं आपण काय केलं.

२०३० ला फार वर्षं उरलेली नाहीत. सरकारने आत्ताच जाहीर सांगावं की मुदत भरली की हमी पाळली जाईल. आणि त्याआधी बॉम्बस्फोटांत घरचं माणूस गमावलेल्यांना ही हमी काय होती आणि का दिली, हे कुणीतरी जबाबदार माणसाने समोर बसून सांगावं. बाबांना ते मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि टायगर?"