अहो, दंड धरून ओढू नका!

अंध माणसाच्या हातातली पांढरी काठी दिसली रे दिसली, की लोक धावत येतात आणि न विचारता त्या माणसाला रस्त्यापार खेचत नेतात. कित्येकदा त्याला पलीकडे जायचंच नसतं, तो बसची वाट बघत असतो! काठीचं टोक धरून ओढणं तर सगळ्यात वाईट. तेच धरलं तर खड्डा, पायरी, उघडं गटार त्याला कळणार कशानं?

मदत करायचीय ना? आधी तोंडाने विचारा. हो म्हणाले, तर कोणती बाजू सोयीची तेही त्यांनाच विचारा आणि आपला कोपर पुढे करा. ते कोपराच्या जरा वर धरतील, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. तुम्ही वळलात, खाली उतरलात, की त्यांना हातातूनच समजतं. मागून ढकललं तर काहीच समजत नाही. जिन्यापाशी थांबून चढ की उतार ते सांगा. खुर्ची दाखवताना त्यांचा हात तिच्या पाठीवर टेकवा, खांदे दाबून बसवू नका. ‘तिकडे’ म्हणून काय उपयोग? ‘तीन पावलांवर, उजवीकडे’ म्हणा. आणि जाताना सांगून जा.

फुटपाथवर अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या फरशांवर बाइक लावणाऱ्यांचा तर संतापच येतो. त्यातल्या लांब पट्ट्या म्हणजे सरळ चाला, गोल ठिपके म्हणजे सावध, पुढे वळण किंवा रस्ता. ती वाट आहे, पार्किंग नाही!

आणि सोबतच्याला ‘यांना कुठे जायचंय?’ काय विचारता? त्यांना दिसत नाही, ऐकू येतं!