परदेशातून : हुशार भारतीय आणि ‘भय्ये असेच’

मुंबईत परप्रांतीयांवरून वाद पेटला की इथे न्यू जर्सीत आम्हा मराठी मंडळींच्या गप्पांनाही तेच वळण लागतं. २०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, तेव्हाही तसंच झालं. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, कचेरीत आणि बँकेत मराठीतून काम व्हावं, हे माझंही ठाम मत आहे. पण गप्पा तिथे थांबत नाहीत. भाषेवरून त्या लगेच माणसांवर घसरतात. भय्ये असेच, बिहारींना शिस्त नाही, जातील तिथे घाण करतात. हे बोलणारे सगळे अमेरिकेत ‘हुशार, कष्टाळू भारतीय’ म्हणून ओळखले जातात आणि ते गुण आपल्या रक्तातलेच आहेत असं मनापासून मानतात.

इथला इतिहास वेगळं सांगतो. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेले भारतीय बहुतेक पंजाबचे शेतकरी होते. लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर, मळ्यांत राबायचे. ४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने त्यांना खोल्यांतून ओढून काढलं, मारलं आणि गावातून हुसकलं. कमी मजुरीत काम करतात, अस्वच्छ राहतात, आमच्यात मिसळत नाहीत, अशा तक्रारी होत्या. १९११ च्या सरकारी आयोगाने तर आशियातून आलेल्यांमध्ये सर्वांत नकोसे भारतीयच ठरवले. १९१७ च्या कायद्याने दार बंद झालं. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंद यांना नागरिकत्वाच्या कायद्यापुरतं ‘गोरे’ मानायला नकार दिला आणि त्यांचं नागरिकत्व गेलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर जणांपुरतं.

मग १९६५ चा कायदा आला. डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ यांना वाट मिळाली, १९९० पासून शिकलेल्या परदेशी नोकरदारांसाठीचा एच-वन-बी व्हिसा आला. कोणी यायचं याची चाळण अमेरिकेच्या कायद्याने लावली. त्याआधीची चाळण तर मायदेशातच लागली होती: जात, घरातलं शिक्षण, इंजिनिअरिंगची किंवा मेडिकलची जागा, विमानाचं तिकीट. एवढं होऊन पोचलेल्यांकडे बघून अमेरिकनांनी सगळ्या भारताबद्दल मत बनवलं, आणि ते गोड असल्यामुळे आम्ही खोडून काढलं नाही. २०१९ च्या ‘स्पेलिंग बी’ या इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत आठ संयुक्त विजेत्यांपैकी सात भारतीय वंशाचे होते. त्या मुलांची मेहनत खरी आहे. पण त्यांना घरी बसून शिकवायला वेळ असलेले शिकलेले आईबाप आहेत, शिकवण्या आहेत, हेही तितकंच खरं आहे.

बिहारमधून मुंबईला येणाऱ्याला अशी चाळण नाही. जनरलच्या डब्यात उभा राहू शकला की झालं. आणि तो का निघतो? कोसी नदीचे पूर आहेत, तुकडे पडलेली शेती आहे. शिवाय १९५० च्या दशकात केंद्राने कोळसा-पोलाद देशभर सारख्या भावात मिळेल असं वाहतुकीचं धोरण आणलं, ते १९९० च्या दशकापर्यंत चाललं. खाणी तेव्हाच्या बिहारात होत्या, पण त्यांच्याजवळ कारखाना काढण्यात फायदा उरला नाही. लाभ झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. हे सारं सोडून आपण त्या माणसाच्या स्वभावात खोट शोधतो. १९६० च्या दशकात मुंबईत हाच राग दाक्षिणात्य कारकुनांवर होता. त्यांना अडाणी म्हणता येत नव्हतं, म्हणून नोकऱ्या बळकावणारे म्हटलं गेलं.

आता तेच आमच्या वाट्याला येतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं आणि भारतीय कमी पगारात राबतात, आमच्या नोकऱ्या घेतात, आपल्याच माणसांची वर्णी लावतात, ही भाषा इथे उघडपणे ऐकू येऊ लागली. बेलिंगहॅमपेक्षा तीत नवं फारसं काही नाही. माझे मित्र दुखावले आहेत, मीही दुखावलोय. म्हणून त्यांना माझं आग्रहाने सांगणं आहे की मराठीसाठी भांडा, पण मागणी उपयोगी पडेल अशी करा. मुंबईतल्या रिक्षावाल्याला, दुकानातल्या पोऱ्याला कामाची वेळ सांभाळून मराठी शिकता येईल असे वर्ग वस्तीवस्तीत हवेत. अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं मुलांसाठी मराठी शाळा चालवतातच. मराठी घरी न बोलणाऱ्यांना ती कशी शिकवायची याचा अनुभव आपल्याकडे आहे. तो तिकडे द्यावा, वर्गांना पैसे उभे करावेत.